उन्हाने छापलेले पुस्तक : अ‍ॅना अ‍ॅटकिन्स



वार्तापत्राच्या प्रत्येक अंकात आम्ही एका थोर व्यक्तीचा परिचय करून देतो. या वेळी ज्या बाईंची ओळख करून देणार आहोत, त्यांनी आयुष्यातील दहा वर्षे एका पुस्तकासाठी वेचली आणि त्या पुस्तकावर स्वतःचे पूर्ण नावसुद्धा घातले नाही. त्यांचे नाव अ‍ॅना अ‍ॅटकिन्स. छायाचित्रे असलेले जगातील पहिले पुस्तक म्हणून आज जे ओळखले जाते, ते त्यांनी तयार केले. त्यासाठी त्यांनी ना कॅमेरा वापरला ना छापखाना. कागद, पाणी, लोखंडाचे क्षार आणि ऊन एवढ्याच सामग्रीवर त्यांनी हे काम केले.

भिंतीवरचे जुने कॅलेंडर काढले की त्यामागचा चौकोन ताज्या रंगाचा दिसतो, बाकीची भिंत फिकी पडलेली असते. गॅलरीत टाकलेल्या चादरीचेही तसेच होते. ऊन रंग उडवते हे आपण रोज पाहतो. पण योग्य रसायन लावले तर तेच ऊन रंग चढवतेही, आणि जिथे सावली पडली तिथे वस्तूचा हुबेहूब आकार पांढरा ठेवते. या साध्या गोष्टीचा उपयोग अ‍ॅनाबाईंनी कसा केला, ते आता पाहू.

बालपण

अ‍ॅना यांचा जन्म १६ मार्च १७९९ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यातील टनब्रिज या गावी झाला. पुढच्याच वर्षी त्यांची आई वारली. मुलगी एकुलती एक. वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रन यांनीच तिला वाढवले. चिल्ड्रन हे त्यांचे आडनाव, बरे का! ऑस्ट्रेलियात सापडणाऱ्या एका अजगराला त्यांच्या आडनावावरून चिल्ड्रन्स पायथन असे नाव पडले आहे. नाव ऐकून पुष्कळांना वाटते की हा साप मुलांसाठी असावा!

चिल्ड्रन हे रसायन, खनिजे आणि प्राणी या सर्व विषयांत रमणारे गृहस्थ होते. टनब्रिजच्या घरीच त्यांची प्रयोगशाळा होती. तेथे १८१३ च्या सुमारास त्यांनी एक प्रचंड विद्युतघट उभारला. त्यातील तांब्या-जस्ताचे पत्रे सुमारे सहा फूट लांबीचे होते. वीजप्रवाह सोडला की धातूच्या तारा लालबुंद होत. सर हंफ्री डेव्ही यांच्यासारखे नामवंत शास्त्रज्ञ त्यांचे स्नेही होते. अशा घरात छोटी अ‍ॅना वाढली. त्या काळी इंग्लंडमध्येही मुलींना विज्ञान शिकवण्याची रीत नव्हती. भरतकाम, वादन, थोडी चित्रकला एवढे आले की पुरे, असे समजत. चिल्ड्रन यांनी मात्र मुलीला आपल्या कामात सोबत घेतले. ती पाहत गेली, विचारत गेली आणि शिकत गेली.

सुखाचे दिवस कायम राहिले नाहीत. १८१६ मध्ये कुटुंबाची पेढी बुडाली आणि सारी संपत्ती गेली. वडिलांना नोकरी धरावी लागली. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मिळाली. पुढे ते तेथील प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि रॉयल सोसायटी या विख्यात संस्थेचे सचिवही झाले. संकट आले खरे, पण त्यामुळेच बापलेकीचा देशातील शास्त्रज्ञांच्या वर्तुळाशी नित्याचा संबंध आला.

शंखशिंपल्यांची चित्रे

फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांचा शंखशिंपल्यांवरील ग्रंथ चिल्ड्रन इंग्रजीत आणत होते. हे भाषांतर १८२२ ते १८२४ या काळात प्रसिद्ध झाले. त्यासाठी चित्रे हवी होती. ती अ‍ॅना यांनी काढली. एकदोन नव्हे, दोनशेहून अधिक! शंखाचे वळण, शिंपल्यावरच्या रेषा, कडेचे दाते हे सारे नमुना समोर ठेवून काढायचे. शास्त्रीय चित्रात कल्पनेला वाव नसतो. एक रेष जास्त पडली तर वाचक भलत्याच जातीचा शिंपला समजेल. हातापेक्षा डोळ्यांची परीक्षा घेणारे हे काम विशी नुकतीच ओलांडलेल्या या मुलीने निभावले.

या अनुभवाचा आम्ही मुद्दाम उल्लेख करीत आहोत. हाताने अचूक चित्र काढणे किती अवघड आहे, हे ज्याला स्वतः कळले आहे, त्यालाच दुसरी वाट शोधावीशी वाटते.

१८२५ मध्ये अ‍ॅना यांचा विवाह जॉन पेली अ‍ॅटकिन्स यांच्याशी झाला आणि त्या केंटमधीलच हॉल्स्टेड प्लेस या वाड्यात राहायला गेल्या. अ‍ॅटकिन्स घराणे वेस्ट इंडीज बेटांशी व्यापार करणारे होते. त्या बेटांवरचे मळे तेव्हा गुलामांच्या श्रमावर चालत. घरच्या सुबत्तेमागे त्या अनाम माणसांचे कष्ट होते, हेही आपण लक्षात ठेवले पाहिजे. अ‍ॅनाबाईंना मूलबाळ झाले नाही. वनस्पती गोळा करणे, त्या दाबून वाळवणे, त्यांची नावे लावून संग्रह करणे हा त्यांचा छंद होता, आणि तो नुसता वेळ घालवण्याचा छंद नव्हता. १८३९ मध्ये त्या लंडनच्या बोटॅनिकल सोसायटीच्या सभासद झाल्या. स्त्रियांना प्रवेश देणाऱ्या त्या काळच्या अगदी मोजक्या शास्त्रीय संस्थांपैकी ती एक होती. इतर बहुतेक संस्थांचे दरवाजे त्यांना बंद होते.

प्रकाशाचा शोध

तेच १८३९ साल छायाचित्रणाच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. फ्रान्समध्ये दागेर आणि इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी आपापल्या पद्धती त्या वर्षी जगापुढे मांडल्या. टॅलबट कागदाला चांदीचे क्षार लावून त्यावर पान किंवा लेस ठेवत आणि उन्हात त्याचा ठसा घेत. टॅलबट हे चिल्ड्रन यांच्या परिचयातले असल्याने बापलेकीला ही बातमी लवकरच कळली आणि दोघांनी या विषयात लक्ष घातले.

परंतु त्यांच्या उपयोगी पडली ती दुसरीच पद्धत. सर जॉन हर्शेल हे मोठे खगोलशास्त्रज्ञ. युरेनस ग्रहाचा शोध लावणारे विल्यम हर्शेल हे त्यांचे वडील. सर जॉन केंटमध्येच राहत आणि चिल्ड्रन यांचे मित्र होते. फुलापानांच्या रसांवर उन्हाचा काय परिणाम होतो, याचे प्रयोग ते करीत होते. पाकळ्या वाटून रस काढायचा, कागदाला लावायचा आणि उन्हात ठेवून रंग कसा पालटतो ते पाहायचे. याच शोधकामात ते लोखंडाच्या क्षारांकडे वळले आणि १८४२ मध्ये त्यांना एक नवी पद्धत सापडली. तिला त्यांनी सायनोटाइप असे नाव दिले. सायनो म्हणजे निळा.

ही पद्धत समजायला सोपी आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड या दोन क्षारांचे पाण्यातील द्रावण एकत्र करून कागदाला लावतात आणि कागद अंधारात वाळवतात. तो हिरवट पिवळा दिसतो. त्यावर पान ठेवून उन्हात नेले की सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे उघड्या भागातील फेरिक लोहाचे फेरस लोह बनते. ते दुसऱ्या क्षाराशी संयोग पावून प्रशियन निळा हा रंग तयार करते. हा रंग पाण्यात विरघळत नाही, तो कागदाच्या धाग्यांतच बसतो. पानाखाली मात्र प्रकाश पोचलेला नसतो. तेथील क्षार जसेच्या तसे राहतात आणि साध्या पाण्याने धुतले की निघून जातात. निळ्या जमिनीवर पांढरे पान उमटते!

टॅलबट यांच्या पद्धतीत चांदी लागे आणि चित्र टिकवण्यासाठी आणखी रसायने लागत. इथे लोखंडाचे स्वस्त क्षार आणि धुवायला पाणी एवढ्यावर भागत होते. आपल्या टिपणांच्या आणि आकडेमोडीच्या प्रती काढायला ही पद्धत बरी, असे हर्शेल यांना वाटले. तिच्यातून एक अख्खे पुस्तक होऊ शकते, हे अ‍ॅनाबाईंनी ओळखले.

पुस्तकाची कथा

१८४१ मध्ये विल्यम हार्वे या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ब्रिटनच्या शैवालांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता. शैवाल म्हणजे आपले शेवाळ. समुद्रात त्याच्या शेकडो जाती असतात. काही केसासारख्या बारीक, काही पंख्यासारख्या, तर काही लांबलचक पट्ट्यांसारख्या. आपली सहल द्वारका-ओख्याला जाते, तेव्हा ओहोटीच्या वेळी खडकांवर हिरवी, तपकिरी, लालसर शेवाळे चिकटलेली दिसतात, तीच ही मंडळी. हार्वे यांचे वर्णन उत्तम होते, पण ग्रंथात चित्रे नव्हती. आता केसासारख्या बारीक, फांद्या फुटलेल्या शेवाळाचे नुसते वर्णन वाचून ते ओळखायचे कसे? आणि चित्र काढायचे म्हटले तरी इतके सूक्ष्म तपशील कोणाच्या हाताने उतरणार? आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत अ‍ॅनाबाईंनी हीच अडचण सांगितली आहे. या अडचणीमुळेच त्या हर्शेल यांच्या पद्धतीकडे वळल्या.

ऑक्टोबर १८४३ मध्ये त्यांच्या पुस्तकाचा पहिला भाग तयार झाला. त्याचे नाव 'फोटोग्राफ्स ऑफ ब्रिटिश अल्जी : सायनोटाइप इम्प्रेशन्स'. टॅलबट यांचे प्रसिद्ध 'द पेन्सिल ऑफ नेचर' त्यानंतर, १८४४ मध्ये येऊ लागले. म्हणजे छायाचित्रणाच्या जनकाच्याही आधी या बाईंचे पुस्तक वाचकांच्या हाती पडले होते.

हे काम कसे चालत असेल, त्याचा विचार करून पाहा. शेवाळ ही निसटती, लिबलिबीत वस्तू. ते धुवायचे, फांद्या एकमेकींवर चढणार नाहीत असे पसरायचे, दाबून वाळवायचे. कागदाला रसायन लावायचे. त्यावर शेवाळाचा नमुना, त्यावर काच. मग ऊन. इंग्लंडचे आकाश सदा ढगाळ, आपल्यासारखे बारा महिने ऊन तिथे कुठले! ऊन पडले की काम, ढग आले की थांबा. मग धुणे, वाळवणे, सपाट करणे. छापखान्यात एक ठसा तयार झाला की त्यावरून हव्या तितक्या प्रती निघतात. इथे तसे नव्हते. प्रत्येक प्रतीतील प्रत्येक पान स्वतंत्रपणे उन्हात ठेवावे लागे. दहा प्रती हव्या तर तेच शेवाळ दहा वेळा मांडायचे आणि दहा कागद धुवायचे.

अक्षरांसाठीही त्यांनी छापखान्याचा आधार घेतला नाही. कागदाच्या पट्टीला तेल लावून ती पारदर्शक करायची, तिच्यावर शाईने शेवाळाचे लॅटिन नाव लिहायचे आणि ती पट्टी नमुन्याशेजारी ठेवायची. पट्टीतून ऊन आरपार जाई, शाईखाली अडे. त्यामुळे चित्राबरोबरच नावही निळ्यावर पांढरे उमटे. प्रस्तावनाही त्यांनी हाताने लिहिली आणि तिचाही असाच उन्हात ठसा घेतला. सारे पुस्तक, अक्षरांसकट, उन्हाने छापलेले!

दहा वर्षे हे चालले. भाग तयार झाला की त्या तो शास्त्रज्ञ मित्रांना आणि संस्थांना भेट म्हणून पाठवत. एखादा चांगला नमुना मिळाला की जुन्या पानाच्या जागी लावायला नवे पान पाठवत. बांधणी ज्याची त्याने करून घ्यायची. म्हणूनच आज उरलेल्या प्रतींपैकी दोन प्रती तंतोतंत सारख्या नाहीत. १८५३ मध्ये काम संपले, तेव्हा तीन खंड आणि ३८९ चित्रे झाली होती. सर्व प्रती मिळून त्यांनी हजारो ठसे काढले असले पाहिजेत. हे पुस्तक त्यांनी आपल्या वडिलांना अर्पण केले आहे.

नेचे, फुले आणि मैत्रीण

१ जानेवारी १८५२ रोजी वडील वारले. आईविना वाढलेल्या मुलीला आई, शिक्षक आणि सहकारी या तिन्ही ठिकाणी तेच होते. हा आघात मोठा होता. तेव्हा त्यांची बालमैत्रीण अ‍ॅन डिक्सन त्यांच्याकडे राहायला आली. दोघी बहिणींसारख्या वाढलेल्या. त्या उन्हाळ्यात दोघींनी मिळून पुन्हा कागद उन्हात मांडायला सुरुवात केली. दुःखात हाताला काम असले की माणूस सावरतो, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनाही ठाऊक असते.

१८५३ मध्ये नेच्यांचा आणि १८५४ मध्ये फुलझाडे व नेचे यांचा असे त्यांचे संग्रह तयार झाले. ब्रिटनच्या नेच्यांबरोबर जमैकासारख्या दूरच्या बेटांवरचे नेचेही त्यांत आहेत. आपल्याकडे जुन्या विहिरींच्या ओलसर भिंतींवर जो हंसराज उगवतो, त्याच्या कुळातील नेचे त्यांत पाहायला मिळतात. नेच्याचे पान सायनोटाइपला फार साजते. शेवाळापेक्षा आकार मोठा, कडा स्पष्ट आणि पातळ भागातून थोडे ऊन झिरपत असल्याने निळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटाही उमटतात. पक्ष्यांची पिसे आणि लेस यांचेही ठसे त्यांनी घेतले.

१८५३ मध्येच त्यांनी वडिलांचे चरित्र लिहून खाजगीरीत्या छापले. काही कादंबऱ्याही लिहिल्या, पण नाव न देता. १८६५ मध्ये आपला वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह त्यांनी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. ९ जून १८७१ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, हॉल्स्टेड प्लेस येथे त्यांचे निधन झाले.

दोन अक्षरांमागे लपलेले नाव

आता आम्ही ज्या गोष्टीने सुरुवात केली तिच्याकडे येतो. शैवालांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेखाली अ‍ॅनाबाईंनी फक्त ए. ए. ही आद्याक्षरे घातली होती. पुस्तक विकायला काढलेले नव्हते, ज्यांना पाठवले ते सारे ओळखीचे होते, तेव्हा त्यांना त्यात काही वावगे वाटले नसेल. पण ओळखीची माणसे गेली आणि पुस्तके मागे राहिली. त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी स्कॉटलंडमधील एका संग्राहकाच्या हाती एक प्रत आली. ए. ए. म्हणजे कोण, हे त्याला कळेना. इंग्रजीत अनामिक हौशी व्यक्ती या अर्थाच्या दोन शब्दांचीही तीच आद्याक्षरे होतात. तेव्हा तसाच काही अर्थ असावा, असा तर्क झाला. शेकडो वनस्पतींची नावे ज्यांनी न चुकता लिहिली, त्या बाई स्वतः अनामिक ठरल्या!

खरे नाव पुढे उजेडात आले, तरी छायाचित्रणाच्या इतिहासात त्यांना योग्य जागा मिळायला विसावे शतक संपत यावे लागले. अभ्यासक लॅरी शाफ यांनी १९८५ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहिला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. आज या पुस्तकाच्या जेमतेम वीसेक प्रती ज्ञात आहेत. त्यातली एक लंडनच्या रॉयल सोसायटीकडे आहे. हर्शेल यांना मिळालेली प्रत न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे आणि २०१८ मध्ये तेथे अ‍ॅनाबाईंच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्यांना कोणी जगातील पहिली महिला छायाचित्रकार म्हणतात. टॅलबट यांच्या पत्नी कॉन्स्टन्स यांनीही अगदी सुरुवातीलाच प्रयोग केले होते, त्यामुळे तो मान कोणाचा यावर वाद होऊ शकतो. छायाचित्रांच्या पहिल्या पुस्तकाचा मान मात्र अ‍ॅनाबाईंचाच.

ही पद्धतही एका वेगळ्या रूपाने जगभर गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इमारती आणि यंत्रे यांच्या नकाशांच्या प्रती याच रीतीने काढू लागले. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. त्यावरून ब्लू प्रिंट हा शब्द रूढ झाला. आपल्या पालकांपैकी आणि विश्वस्तांपैकी जे बांधकाम किंवा कारखान्याशी संबंधित आहेत, त्यांना तो शब्द नवा नाही. पुढे अमोनियाच्या प्रती आल्या, मग संगणक आला, पण शब्द टिकून राहिला.

आपल्या अंगणात

अ‍ॅनाबाईंची पुस्तके कागदाची होती. पण कापूस आणि कागद दोन्ही वनस्पतींच्या धाग्यांचेच, म्हणून ही निळाई सुती कापडावरही तशीच बसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कापडावर असे ठसे घेऊन ते उशांच्या अभ्य्रांत आणि रजयांत शिवत असत. बडोद्याच्या उन्हाबद्दल आपण सगळेच कुरकुरतो. इंग्लंडमध्ये त्या बाई ज्याची वाट पाहत बसत, ते आपल्याला फुकट मिळते. मग आपल्या विज्ञान मंडळाने आणि शिवण-हस्तकलेच्या वर्गाने मिळून हा प्रयोग करून का पाहू नये? रीत थोडक्यात देत आहोत. द्रावण शिक्षकांनीच तयार करावे, हातमोजे घालावेत आणि ही भांडी स्वयंपाकघरात परत नेऊ नयेत. पोटॅशियम फेरिसायनाइडचा तीव्र आम्लाशी संपर्क येऊ देऊ नये.

मांजरपाट, मलमल किंवा जुन्या धोतराचे पांढरे सुती कापड घ्यावे. नव्या कापडाची खळ आधी धुऊन काढावी. टेरिकॉटवर हा रंग नीट बसत नाही. १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, आणि वेगळ्या १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड विरघळवावे. वापरायच्या वेळी दोन्ही सम प्रमाणात एकत्र करून, पडदे लावलेल्या खोलीत कापडाला ब्रशने लावावे. कापड अंधारातच पूर्ण वाळू द्यावे.

मग त्यावर पान मांडावे. दाबून वाळवलेले पान कापडाला सपाट चिकटून बसते आणि कडा स्वच्छ येतात. ताजे जाड पान उचललेले राहते, त्याच्या कडा धूसर होतात. गुलमोहराची आणि शेवग्याची पाने, कढीलिंबाची डहाळी, दूर्वा, हंसराज, पिंपळाचे जाळी पडलेले पान, कबुतराचे गळलेले पीस यांतले काहीही चालेल. कमाटी बागेत गेलात तर झाडाचे तोडू नका, खाली पडलेले वेचा. वर काच ठेवून कापड कडक उन्हात दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. उघडा भाग आधी निळसर, मग राखाडी दिसू लागला की आत आणून साध्या पाण्यात, पिवळे पाणी निघायचे थांबेपर्यंत धुवावे आणि सावलीत वाळवावे. पुढच्या एक दिवसात निळा रंग आणखी गडद होतो.

एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. हे कापड कपड्यांच्या साबणाने किंवा सोड्याने धुऊ नये. क्षारयुक्त पाण्याने प्रशियन निळा फुटतो आणि कापड पिवळट पडते. नुसत्या पाण्यात हलक्या हाताने खळबळावे. फार दिवस उन्हात राहून रंग फिका झाला, तर काही दिवस कपाटात अंधारात ठेवावे. बराचसा रंग परत येतो.

नाव लिहा

विद्यार्थ्यांनो, शेवटी एकच सांगणे आहे. अ‍ॅनाबाईंकडून तुम्ही चिकाटी घ्या, अचूकपणा घ्या, दुसऱ्याच्या ग्रंथातील उणीव भरून काढण्याचे त्यांचे मोठे मनही घ्या. पण त्यांची एक गोष्ट घेऊ नका. कापडाच्या कोपऱ्यात तेल लावलेल्या कागदाच्या पट्टीवर वनस्पतीचे नाव लिहा, तारीख लिहा, आणि तिच्याखाली स्वतःचे पूर्ण नावही लिहा. त्यात गर्व नाही. पुढे कोणी ते कापड हाती घेईल, तेव्हा त्याला तर्क करीत बसावे लागू नये.

आणि घरी गेलात की आणखी एक काम करा. पेटीत आजीची, पणजीची एखादी गोधडी असेल, भरतकामाचा रुमाल असेल, कोणाच्या हातचे रुखवतातले काही असेल. ते कोणी केले, केव्हा केले, हे सांगणारी माणसे अजून घरात आहेत तोवर विचारून घ्या, आणि एका कापडी चिठ्ठीवर नाव लिहून ती आतल्या बाजूला टाचून ठेवा. आमच्यापैकी अनेकांनी हे विचारायला उशीर केला. गोधडी आहे, नाव नाही. तुम्ही उशीर करू नका.